तुटकी बाजू भिंतीकडे

ओळखलं ते कानावरून. जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला लावलेल्या फळ्यांवर, झाकण हरवलेली एक किटली आणि माशाच्या आकाराची काचेची बशी यांच्या मधे चिनी मातीचं एक पांढरं घुबड बसलं होतं. मुठीत मावेल एवढं. डोक्यावर मीठ पडायची भोकं. अशी घुबडं जगात पुष्कळ असतील, एका साच्यातून हजारांनी काढत असतील, असं मी स्वतःला समजावलं आणि तेवढ्यात त्याचा डावा कान दिसला. कान आणि डोकं यांच्या मधून मधासारखी पिवळट रेघ गेली होती आणि रेघेच्या टोकाला चिकटवायच्या डिंकाचा थेंब तसाच सुकून राहिला होता. तो थेंब मी लहानपणी नखाने खरवडायचे आणि बाबा म्हणायचे, नको गं, त्याचं कानातलं आहे ते. मी हात पुढे केला आणि माझं नख आपणहून त्या थेंबावर गेलं. जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असाव्यात आणि अजून एक आहे असं समजून आपण पाय टाकावा, तसं झालं.

या दुकानात मी काही घ्यायला येत नाही. कामावरून सुटल्यावर बसमधून उतरायचं आणि ठकीला, माझ्या लेकीला, घ्यायला आईकडे जायचं, त्या मधल्या रस्त्यावर हे दुकान आहे. बसमधून उतरेपर्यंत मी कंपनीची असते, आईच्या दारात पाऊल टाकलं की ठकीची. मधला तुकडा कुणाचाच नाही, म्हणून मी तो इथे घालवते. इथल्या वस्तूंना माझ्याकडून काही नको असतं. सोनेरी कड पुसट झालेल्या ताटल्या, बशीविना कप आणि कपाविना बश्या, प्रत्येक वेगळ्या घरातला एकेक पेला, पोटात फूल अडकलेला काचेचा गोळा, एकाच पायाचा चिनी मातीचा बूट. कोपऱ्यात खुर्ची टाकून दुकानवाली विणत बसलेली असते, चष्मा दोरीने गळ्यात. ती कुणाकडे बघत नाही. दुकान बंद असताना लोक बाजूच्या दाराशी खोकी ठेवून जातात आणि ती सकाळी उघडून मांडते. मी तिला विचारलं, हे घुबड कुणी आणलं. तिने सुई न थांबवता सांगितलं की बाई, इथे वस्तू येतात, माणसं येत नाहीत. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, बहुतेक कुणीतरी गेलेलं असतं. मी घुबड घेतलं, तिने ते कागदात गुंडाळलं, आणि मी रस्त्याने चालत असताना ते पर्समध्ये एखाद्या जिवंत गोष्टीसारखं जड लागत होतं.

बाबा अशाच दुकानांतून आणायचे. महिन्यातून एकदा काहीतरी कागदात गुंडाळलेलं घेऊन घरात शिरायचे, चोरासारखे. आणि त्यांना धड वस्तू कधी आवडलीच नाही. टवका उडालेली, तडा गेलेली, जोडीदार हरवलेली, अशीच. धड असेल तिला कुणीही घेईल, असं त्यांचं म्हणणं. घुबड आलं त्या दिवशी आई म्हणाली होती, एवढ्या मोठ्या दुकानात घुबडच बरं सापडलं, तेही कानतुटकं. बाबा म्हणाले, अगं, घरात एकतरी जागं पाहिजे. मी तेव्हा त्या दोघांच्या मधे उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. आईने घुबड धुतलं, पुसलं आणि शोकेसमध्ये ठेवलं, कान भिंतीकडे करून. आमच्या शोकेसमधली प्रत्येक वस्तू तशीच ठेवलेली होती. तुटकी बाजू भिंतीकडे. समोरून पाहणाऱ्याला वाटावं, काय सुंदर संग्रह आहे. आणि ही शोकेसपुरती गोष्ट नव्हती. माझा निकाल वाईट लागला तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही, त्या महिन्यात फक्त निकाल हा शब्द घरातून गेला. शेवटच्या वर्षात बाबांचं अर्धं तोंड वाकडं झालं, तेव्हा आईने त्यांची खुर्ची फिरवून अशी लावली की येणाऱ्याला चांगली बाजू दिसावी. बाबा दिवसभर भिंतीपाशी बसून असायचे आणि भेटायला आलेले लोक जाताना म्हणायचे, बरे दिसतात की. मला अजून सांगता येणार नाही की ते क्रूर होतं की माया होती. आमच्याकडे विचारत नाहीत, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे त्या संध्याकाळी आई ठकीच्या पायात मोजे चढवत असताना मी घुबड पर्समधून काढलं, शोकेस उघडली आणि त्याच्या जागी ठेवून दिलं. कान भिंतीकडे. आईने मान वर करून पाहिलं. तिने पाहिलं हे मी पाहिलं. मग ती ठकीला म्हणाली, दुसरा पाय दे गं राणी, आणि मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

माझं काम बघण्याचं आहे. इंजेक्शनच्या बाटल्या भरून, बुचं लागून आमच्याकडे येतात. समोर दिवा, दिव्याखाली अर्धी पाटी काळी, अर्धी पांढरी. बाटली मानेला धरायची, हलकीच गरगरवायची, आधी काळ्या पाटीसमोर बघायची, मग पांढऱ्या. पांढरा कण काळ्यावर दिसतो आणि काळा पांढऱ्यावर. धागा, काचेचा कपचा, रबराचा कण, काहीही. दिसला की बाटली डावीकडच्या खोक्यात. रसायनशास्त्राची पदवी घेऊन काय करतेस, असं कुणी विचारलं की नवरा सांगतो, ती कचरा शोधते, आणि हसतो, आणि मीही हसते कारण ते खरं आहे. मधून मधून डोळ्यांना विश्रांती द्यायची असा नियम आहे. तेव्हा आम्ही बायका रांगेने भिंतीकडे बघत बसतो. डोळे मिटले तरी कण दिसत राहतात. ठकी झाल्यापासून मला ते सगळीकडे दिसतात. तिच्या दुधात, तिच्या बुबुळात, तिच्या श्वासात मधेच एक खरखर. ती झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरते. बोट दमतं, मग दुसरं धरते. झोप म्हणून जे मला मिळतं, ते बसच्या खिडकीला डोकं टेकून.

आता मी आईला बघायला लागले. आधी काळ्यासमोर, मग पांढऱ्यासमोर. सोमवारी तिने ठकीला माझ्या नावाने हाक मारली. सगळ्याच आज्या मारतात. मग एकदा साखरेच्या डब्यात चमच्याऐवजी किल्ली सापडली. तीच शेजारणीची गोष्ट तिने मला दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा सांगतेय अशीच हसली. हे म्हटलं तर काहीच नाही. म्हटलं तर एकेक कण. आणि शोकेसमधून निळा काचेचा वाडगा नाहीसा झाला, ज्याच्या काठाला चावल्यासारखा टवका होता. तो मला दुकानात मिळाला, किटलीच्या शेजारी, उन्हात बसून निळी सावली पाडत. मी तो विकत घेतला आणि परत नेऊन ठेवला. टवका भिंतीकडे. आईने पाहिलं. मी पाहिलं की तिने पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि मला ते ओळखता आलं नाही. भीती असावी असं वाटलं. मी मनात म्हटलं, म्हणजे तिलाही कळतंय. आपण वस्तू कुठे नेतो ते आपल्याला आठवत नाही, हे तिला कळतंय. मला तिचा हात धरावासा वाटला. मी ठकीची बाटली पिशवीत घातली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, सरळ विचार ना त्यांना. मी म्हटलं, आमच्याकडे विचारत नाहीत. तो म्हणाला, मग काय करतात तुमच्याकडे? त्याने तोंड धुतलं आणि मग, टॉवेलमध्ये तोंड असतानाच, जे मी रोज टाळत होते ते बोलला. "समज, खरंच असेल. मग ठकीला तिथे ठेवायचं का?" पाळणाघरात जागा नाही, जिथे आहे तिथे ठेवावंसं वाटत नाही. त्याची आई लांब, शिवाय गुडघे. म्हणजे मी नोकरी सोडायची. हे आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही, ते आरशात तिसऱ्या माणसासारखं उभं राहिलं. नोकरी म्हणजे कचरा शोधणं, मान्य. पण त्या दिव्यासमोर बसलेली असते तेव्हा मला जे दिसतं त्याबद्दल मी काहीतरी करू शकते. बाटली उचलून डावीकडे ठेवू शकते. घरी बसले तर दिवसभर फक्त दिसत राहील. आणि आई? तिच्याकडून ठकी काढून घेतली की त्या घरात राहील काय? भिंतीकडे तोंड केलेल्या त्या वस्तू. त्या तरी राहतील का?

घुबड पुन्हा दुकानात दिसलं तेव्हा मी हसले. खरंच हसले, मोठ्याने. दुकानवालीने चष्मा डोळ्यांवर चढवला, घुबडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "याला पाय फुटलेत का पंख?" ती म्हणाली. मग विणकाम मांडीवर ठेवलं. "कुणी आणलं ते मी सांगत नसते. पण एक आजीबाई आणतात. कडेवर लहान मूल असतं. दाराशी नाही ठेवत, आत येऊन हातात देतात. म्हणतात, जपून बरं का, याचा कान जोडलेला आहे." मी विचारलं, त्या कशा वाटतात. कशा म्हणजे? म्हणजे, गोंधळलेल्या वगैरे? तिने विणकाम पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "दमलेल्या वाटतात. तुमच्यासारख्याच." त्या संध्याकाळी मी घुबड परत ठेवलं नाही. पर्समध्येच राहू दिलं. कडेवर मूल, हे शब्द रस्त्याने, घरात, गादीवर माझ्याभोवती फिरत राहिले. रस्ता ओलांडून जाते ती. एका हातात ठकी, दुसऱ्या हातात काच. आणि आपण काय देऊन आलो ते विसरते. उद्या ठकीला खुर्चीवर बसवून विसरली तर? मी ठरवलं की आता बघायचं. शेवटचं, नीट.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डोकं दुखतंय असं सांगून निघाले. खोटं नव्हतं. आईच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. मी ती हळूच फिरवली, बुटाचा आवाज होऊ नये म्हणून बूट बाहेर काढले, आणि स्वतःच्या आईच्या घरात चवड्यांवर शिरले. शोकेसची दारं उघडी होती. आत किती कमी वस्तू उरल्यात हे मला तेव्हा कळलं. उरलेल्या लांब लांब मांडल्या होत्या, फोटोला माणसं कमी पडली की अंतर ठेवून उभी करतात तशा, त्यामुळे बाहेरून फळी भरलेली दिसायची. आई स्टुलावर बसून एक कप ठकीच्या जुन्या झबल्यात गुंडाळत होती. ठकी जमिनीवर, आईने दोन्ही पाय पसरून केलेल्या कुंपणात, रिकामे डबे एकमेकांत घालत होती. तिच्या आसपास काच नव्हती. कप आईने गुंडाळून उंच, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि मगच दुसऱ्याला हात लावला. हे सगळं मला दिसलं. दिसूनही मी पर्समधून घुबड काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

आईने घुबडाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "परत आणलंस," ती म्हणाली.

"आई," मी म्हटलं, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "हे तू दुकानात देऊन आलीस, ते तुला आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? दोनदा दिलं." ती स्टुलावरून उठली. ठकीला उचलून कडेवर घेतलं, आणि एक पाऊल मागे सरकली. माझ्यापासून मागे. मग अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तू ते दोनदा इथे परत आणलंस, ते तुला आठवतं का?"

सूर तोच होता. माझाच. ज्या सुरात मी आठवडाभर मनातल्या मनात तिच्याशी बोलत होते, तोच ती माझ्याशी लावत होती आणि ठकीवरचा तिचा हात घट्ट झाला होता. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी जे हललं होतं ते पुन्हा हललं, आणि आता मला ते नीट दिसलं. ती भीतीच होती. पण स्वतःबद्दलची नव्हती.

मी खाली बसले. जमिनीवर, डब्यांमधे. आई उभीच राहून बोलत होती आणि ती इतकं सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती. पहिल्यांदा घुबड परत आलं तेव्हा तिला वाटलं, बाबांची आठवण म्हणून आणलं असेल, बोलवत नसेल पोरीला. वाडगा आला तेव्हा ती घाबरली. माणूस विकत आणतं, एक शब्द बोलत नाही, कपाटात ठेवतं, चल उशीर होतोय म्हणतं. हे काय शहाण्या माणसाचं लक्षण आहे? आणि रोज संध्याकाळी मी ठकीला तिच्या हातून घेते ती खिडकीशी नेते, उजेडाकडे धरते, इकडून तिकडून फिरवून बघते. बाटली बघावी तशी. मला हे माहीत नव्हतं. मी ठकीला मिठी मारते असं मला वाटत होतं. आई म्हणाली, दाराबाहेर येऊन उभी राहतेस, बेल वाजवत नाहीस, कान लावतेस, तुझी सावली दिसते फटीतून. डोळ्यांखाली बघ जरा स्वतःच्या. जावयाला फोन लावायला घेतला होता दोनदा. पण काय सांगणार, तुमच्या बायकोकडे लक्ष ठेवा?

"वाटलं, ठकीला ठेवूनच घ्यावं इथे थोडे दिवस," ती म्हणाली. "तुझ्यापाशी एकटी असते रात्रभर. तू झोपत नाहीस. माझ्या जिवाला घोर."

मी म्हटलं, मला वाटत होतं तूच विसरायला लागलीस. किल्ली साखरेत होती. त्यावर ती म्हणाली, विसरते की. किल्ली तर मी तुझ्या जन्माच्या आधीपासून विसरते. मग हसावं की नाही अशा चेहऱ्याने ती जरा थांबली, आणि मीही थांबले, आणि ठकी आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली, एकदा इकडे, एकदा तिकडे. ते बघणं मी ओळखलं. मला ते सहन झालं नाही.

"का देतेस ही?" मी विचारलं. आमच्या घरातला तो बहुधा पहिलाच असा प्रश्न असावा.

आईने शोकेसकडे पाहिलं. "मला कधी आवडलीच नाहीत. तुझे बाबा आणायचे, मी पुसायचे. एवढी वर्षं पुसली. दर आठवड्याला एकेक काढा, पुसा, ठेवा. भिंतीकडे का ठेवायचे माहितीये? मला बघवत नव्हतं. फुटकंच का आणायचं माणसानं, आणि मीच का ते पुसायचं." मग आवाज खाली आला. "एकदम दिली असती तर तुला दिसलं असतं. तुझ्या बाबांचं म्हणून तुला लागलं असतं. म्हणून एकेक. हात भरून आलेत गं आता. हिला उचलायला हात लागतात."

मी ज्या फळीकडे बघून इतकी वर्षं क्रूर की माया ते ठरवत होते, ती फळी आईच्या मागे लांब लांब उभ्या वस्तूंसह तशीच होती. घुबड माझ्या मांडीवर होतं. ठकीने त्याच्यासाठी हात पसरले. मी दिलं नाही. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि दिलं. ठकीने ते सरळ तोंडात घातलं, कानाकडून, आणि बाबांचा थेंब ती आपल्या दोन दातांनी खरवडू लागली. आई म्हणाली, हे एक राहू दे हवं तर. जाडजूड आहे, असं फुटायचं नाही. उद्या तिला नेहमीसारखी आण. आणि आता आत जाऊन पड.

मी म्हटलं, मला परत जायला हवं, डोकं दुखतंय एवढंच सांगून आलेय. ती म्हणाली, दुखतंय ना? मग पड. मी म्हटलं, झोप नाही येणार. ती म्हणाली, नको येऊ दे. नुसती पड. "मी आहे जागी."

आतल्या खोलीतली खाट बाबांची. पांघरुणाला कपाटाचा वास. दुपारचा उजेड भिंतीवर पडला होता, एक भिंत उजळ आणि एक काळोखी, आणि मी सवयीने त्यांत कण शोधत राहिले. नंतर शोधणंही दमलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाहेर डबे वाजत होते, कागद फाटत होता, आई ठकीला काहीतरी सांगत होती आणि ठकी मधेच हुंकार देत होती. ते बोलणं माझ्याशीही असू शकलं असतं, फार पूर्वीचं. माझे हात जड झाले. बोट कुणाच्या नाकापुढे नव्हतं. आणि मग काहीतरी फुटलं.

चिनी माती फुटल्याचा आवाज काचेपेक्षा बोथट असतो. मी डोळे उघडले. सगळं अंग उठून बसण्यासाठी गोळा झालं. मग एकामागून एक आवाज आले आणि मी ते मोजत नव्हते, ऐकत होते. आधी स्टूल सरकलं. मग ठकीचं हवेत उचलल्यावर येतं ते उचकीसारखं हसू. मग, त्यानंतर, केरसुणी. आधी उचललं, मग झाडलं. त्याच क्रमाने. मी जमवून आणलेली सगळी ताकद हळूहळू गादीत उतरू दिली आणि कूस बदलून दाराकडे तोंड केलं. चेहरा कसा दिसत असेल ते मला माहीत होतं.

दारात आई उभी होती, ठकी कडेवर. ठकीच्या तोंडात अजून घुबड होतं की नव्हतं, ते मिटत्या डोळ्यांना दिसलं नाही.

"काय फुटलं?" मी विचारलं.

"उठलीस की सांगते," आई म्हणाली. "झोप."